समुद्रासमोरच्या घरात सकाळी हवा खराब का असते? दूरवरून येणाऱ्या सूक्ष्म कणांचा खरा वाटा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्सोव्यात समुद्रापासून जेमतेम दोनशे मीटरवर, सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांनी बाल्कनीत हवा मोजणारे छोटे यंत्र लावले आहे. डिसेंबरपासून ते सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचे, प्रमाण दीडशे मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आसपास दाखवते आणि दुपारी साठपर्यंत उतरते. जवळ कारखाना नाही, समोर तर मोकळा समुद्र आहे. मग हे कण राजस्थान-पाकिस्तानातल्या धुळीतून किंवा पंजाबातल्या धुरातून येतात का, आणि तसे असेल तर मुंबईतली बांधकामे झाकून व बेकऱ्यांच्या भट्ट्या बदलून काय साधणार, असे त्यांनी विचारले आहे. आपले वडील बहात्तर वर्षांचे आहेत, त्यांना दमा आहे आणि ते रोज पहाटे किनाऱ्यावर फिरायला जातात, असेही त्यांनी शेवटी सहज लिहिले आहे. माझ्या दृष्टीने साऱ्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे, त्यामुळे तिच्याकडे शेवटी नीट येतो.

मी वीसहून अधिक वर्षे मुंबईत आणि कोकणपट्टीत हवेचे नमुने घेण्याचे, म्हणजे फिल्टर लावण्याचे, काढण्याचे, वजन करण्याचे आणि त्यावर काय साचले आहे ते तपासण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. कण दूरवरून येतात का, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय 'येतात' असेच आहे. खरा प्रश्न पुढचा आहे: तुम्हाला दिसणाऱ्या दीडशेमध्ये त्यांचा वाटा किती? याचे एकच सरसकट उत्तर नाही. ते ऋतूवर, त्या दिवसाच्या वाऱ्यावर, कणांच्या आकारावर आणि तुम्ही दिवसाच्या कोणत्या तासाबद्दल बोलत आहात यावर अवलंबून आहे.

आधी आकार. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण आणि पीएम २.५ म्हणजे त्यांतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण. तुलनेसाठी, आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनचा मातीचा कण शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून सुटला तर साधारण दीड दिवसात जमिनीवर येतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच उंचीवरून नुसत्या वजनाने खाली यायला काही महिने लागतील, आणि तोवर पाऊस त्याला धुऊन नेतो. प्रत्यक्षात असा बारीक कण कोरड्या ऋतूत आठवडाभर किंवा त्याहून थोडा अधिक काळ हवेत टिकतो. ताशी वीस किलोमीटरचा वारा दिवसाला पाचशे किलोमीटरच्या जवळपास जातो, आणि दिल्ली ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर साडेअकराशे किलोमीटर आहे. म्हणजे बारीक कणांना एवढा प्रवास मुळीच अवघड नाही. जाड धुळीला मात्र त्यासाठी जोरदार वादळच लागते.

तसे वादळ आपण पाहिले आहे. २३ जानेवारी २०२२, रविवार. पश्चिमी झंझावाताबरोबर उठलेली धूळ आधी कराचीवर, मग सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि तिथून मुंबईवर आली. दिवसभर सूर्य फिकट, थंड वारा आणि मधूनच पावसाचे चार थेंब. त्या थेंबांनी गाड्यांवर पांढरट ठिपक्यांची रांगोळी काढली होती, हे अनेकांना आठवत असेल. त्या दिवसाचा फिल्टर मी जपून ठेवला आहे. मुंबईचा एरवीचा हिवाळी फिल्टर तव्याच्या बुडासारखा करडा-काळा असतो, कारण त्यात काजळी असते. हा फिल्टर मुलतानी मातीचा पातळ लेप दिल्यासारखा पिवळसर होता, आणि चिमट्याने उचलताना त्याच्या कडेची पूड चक्क सुटून खाली पडली. काजळीचा फिल्टर असा झडत नाही. काजळी धाग्यांत घट्ट रुतून बसते. मार्च २०१२ मध्येही अरबस्तानातून उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आली होती आणि उपग्रहाच्या छायाचित्रांत तिचा पट्टा स्पष्ट दिसत होता.

पण अशा दिवसांचे आकडे पाहताना एक खूण लक्षात ठेवावी. वाळवंटी धुळीच्या दिवशी पीएम १० प्रचंड चढते आणि पीएम २.५ त्या मानाने कमी. पीएम २.५ चे पीएम १० शी गुणोत्तर पाव ते एक-तृतीयांशापर्यंत खाली येते. मुंबईच्या एरवीच्या हिवाळी दिवशी ते निम्म्याच्या आसपास असते. उलट, जून २०२३ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमधील वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि ७ तारखेला तिथले आकाश नारिंगी झाले, तेव्हा जवळजवळ सगळे कण बारीकच होते, कारण धूर हा मुळातच बारीक कणांचा असतो. न्यू जर्सीतल्या माझ्या एका नातेवाइकांनी त्या दिवशी खिडकीचा फोटो पाठवून हे वाळूचे वादळ आहे का, असे विचारले होते. रंग पाहून तसे वाटणे साहजिक होते, पण गुणोत्तर पाहिले की शंका उरत नव्हती. म्हणून एकट्या पीएम २.५ च्या आकड्यावरून उगम ठरवू नये. जवळच्या सरकारी केंद्राचे पीएम १० चे आकडेही सोबत घ्यावेत.

इथेच तुमच्या यंत्राबद्दलही सांगतो. घरगुती यंत्रे कणांवर पडून विखुरणारा प्रकाश मोजतात. कण तोलत नाहीत. त्यामुळे दोन चुका होतात. एक, जाड धूळ त्यांना नीट दिसत नाही, आणि वादळाच्या दिवशी ती यंत्रे प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी पातळी दाखवू शकतात. दुसरी चूक तुमच्या सकाळच्या आकड्याशी थेट जोडलेली आहे. समुद्रकाठी पहाटे आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते, सल्फेट (गंधकाचा क्षार) आणि मीठ असलेले कण पाणी शोषून फुगतात, आणि यंत्र त्या फुगलेल्या कणाला मोठा कण समजते. प्रयोगशाळेत आम्ही फिल्टर ठरावीक तापमानाच्या कोरड्या खोलीत चोवीस तास ठेवल्याशिवाय तोलत नाही, ते याचसाठी. तेव्हा तुमच्या दीडशेपैकी काही भाग निव्वळ पाणी आहे, असे धरून चाला. खरा आकडा शंभर असेल किंवा सव्वाशे, ते जवळच्या चांगल्या केंद्राशी ताडून पाहावे लागेल. तरीही भारतीय मानकाप्रमाणे चोवीस तासांची सरासरी साठ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत हवी आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीप्रमाणे ती पंधराच्या आत हवी. त्यामुळे पाणी वजा करूनही सकाळचे ते दोन-तीन तास वाईटच ठरतात.

आता दूरच्या बारीक कणांकडे वळू. १९९९ च्या सुरुवातीला 'इंडोएक्स' नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम हिंदी महासागरावर झाली. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झन हे तिचे अग्रणी होते आणि आपले 'सागर कन्या' हे संशोधन जहाजही तीत होते. त्या मोहिमेत दिसले ते असे की हिवाळ्यात भारतीय उपखंडावरून काजळी आणि सल्फेटने भरलेले तपकिरी धुके वाऱ्याबरोबर अरबी समुद्रावर, बंगालच्या उपसागरावर आणि थेट विषुववृत्तापर्यंत पसरते. यातली दिशा नीट पाहा. हिवाळ्यात मोठ्या पट्ट्यावरचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणजे समोर समुद्र असणे ही त्या ऋतूत स्वच्छ हवेची हमी नाही. आपण आणि आपल्यामागच्या साऱ्या भूभागाने सोडलेले कण जिथे साठतात, ते कोठार तुमच्या खिडकीसमोर आहे.

या दूरच्या वाट्यात काजळी असते, शेतातल्या आणि चुलीतल्या धुराचे अंश असतात, आणि सल्फेटचा वाटा मोठा असतो. औष्णिक वीज केंद्रांच्या धुराड्यांतून निघणारा सल्फर डायऑक्साइड हा वायू असतो. तो वाऱ्याबरोबर जाता जाता तासातासाने थोडाथोडा सल्फेटमध्ये बदलतो आणि शेतांतून व गोठ्यांतून येणाऱ्या अमोनियाशी जुळून बारीक कण बनतो. म्हणून पूर्वेकडून वारे वाहत असतात तेव्हा चंद्रपूर किंवा त्याहीपलीकडच्या छत्तीसगडातल्या कोळशाचा अंश मुंबईच्या फिल्टरवर सापडण्यात नवल नाही. काही वर्षांपूर्वी मी रायगड जिल्ह्यातल्या एका गावात शाळेच्या गच्चीवर आणि मुंबईत एकाच दिवशी फिल्टर लावत असे. गावात ना रहदारी, ना भट्टी. तरी काही दिवशी दोन्ही फिल्टरांवरचे सल्फेट जवळजवळ सारखे निघे. काजळी मात्र मुंबईच्या फिल्टरवर कितीतरी जास्त असे. ती जोडी समोरासमोर ठेवली की दूरचे काय आणि जवळचे काय, हे कुठल्याही गणिताआधी डोळ्यांना कळत असे.

पंजाब-हरियाणातल्या पराळीच्या, म्हणजे भाताच्या कापणीनंतर शेतात जाळल्या जाणाऱ्या काडाच्या, धुराबद्दल तुम्ही मुद्दाम विचारले आहे. तो मुख्यतः ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा विषय आहे आणि त्याचा मोठा लोट गंगेच्या मैदानातून आग्नेयेकडे जातो. तुमचा त्रास डिसेंबर-जानेवारीतला आहे. तेव्हा तुमच्या आकड्यांत पराळी शोधू नका.

आता तुमच्या तक्त्याकडे येतो, कारण त्याचा आकारच निम्मे उत्तर देतो. सकाळी दीडशे, दुपारी साठ, रात्री पुन्हा चढ, आणि हे रोज त्याच वेळी. शेकडो किलोमीटरवरून आलेली हवा घड्याळ पाहून चढउतार करत नाही. ती एखाद्या दिवशी हळूहळू चढते, दोन-तीन दिवस राहते आणि वारा बदलला की उतरते. मुंबई, ठाणे, पालघर, अलिबाग अशी सगळीकडे ती मागेपुढे एकाच रीतीने दिसते. रोजच्या रोज ठरल्या वेळी येणारा उंचवटा हा जवळच्या उगमांचा आणि जमिनीलगतच्या हवेच्या थराचा खेळ असतो.

यावर एक चांगला आक्षेप घेता येतो, आणि माझे विद्यार्थी तो नेहमी घेतात: रात्री हवेचा थर उतरतो, मग दूरचेच कण त्यात दाटत नसतील का? नाही. हिवाळ्यात दुपारी जमिनीलगतची हवा साधारण किलोमीटरभर उंचीपर्यंत घुसळली जाते आणि रात्री ती घुसळण काही शे मीटरांतच थांबते, हे खरे आहे. पण छत खाली आले म्हणजे खोलीतली हवा दाबली जाते असे नाही; वरची हवा वर राहते आणि खालची खाली. आधीपासून सगळीकडे सारखे पसरलेले दूरचे कण त्यामुळे दाट होत नाहीत. दाट होतो तो त्या खाली आलेल्या छताखाली नव्याने सोडलेला धूर: रात्रीच्या ट्रकचा, जाळलेल्या कचऱ्याचा, शेकोट्यांचा, लाकडावर चालणाऱ्या भट्ट्यांचा आणि रेडीमिक्स काँक्रीटच्या प्लांटमधला.

त्यात भर पडते ती खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांची, जी आपण शाळेच्या भूगोलात शिकलो. रात्री जमीन थंड होते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे हळूहळू सरकतो. वर्सोव्याला पोहोचण्याआधी तो ठाण्याची खाडी, घाटकोपर, असल्फा, साकीनाका, मरोळ, चकाला आणि अंधेरी ओलांडून आलेला असतो. मेट्रोचा पहिला मार्ग आणि त्याची वाट जवळपास एकच आहे, आणि दोघांचे शेवटचे स्टेशन तुमचे आहे. म्हणजे समुद्राजवळ राहूनही पहाटे तुम्हाला संपूर्ण शहरावरून फिरून आलेली हवा मिळते. ती पुढे समुद्रावर जाऊन थबकते. मग अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि आदल्या रात्री बाहेर गेलेल्या त्याच हवेतला काही भाग परत आणतो. तुमच्या तक्त्यात काही दिवशी साडेअकराच्या आसपास एक छोटा दुसरा उंचवटा दिसेल. वारा समुद्रावरून येत असतानाही आकडा चढतो, आणि नेमके तेव्हाच लोकांना वाटते की हे ओमान किंवा पाकिस्तानातून आले. बहुतेक वेळा ती आपली कालची हवा असते. वारे मंद असले की ही ये-जा दिवसेंदिवस चालते आणि प्रत्येक फेरीत थोडी भर पडते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात काही दिवशी मुंबईचा हवा निर्देशांक दिल्लीच्याही वर गेला, तेव्हा वारे मंद होते आणि शहराचा धूर शहराभोवतीच घुटमळत होता.

ज्यांना स्वतः तपासायचे असेल ते अमेरिकेच्या नोआ संस्थेचे 'हायस्प्लिट' हे मोफत साधन वापरून हवा कुठून आली याची उलटी वाट काढतात. मीही वापरतो. पण ती वाट हवेची असते, कणांची नव्हे. रेषा कराचीवरून आली म्हणजे कराचीची धूळ आली, असे सिद्ध होत नाही. त्या दिवशी तिथे धूळ उठली होती का, आणि वाटेत ती जमिनीलगत होती की दोन किलोमीटर वर, हे वेगळे पाहावे लागते. शिवाय खाऱ्या-मतलई वाऱ्यांची पंधरा-वीस किलोमीटरांतली ये-जा त्या नकाशांच्या जाळीत बहुधा पकडलीच जात नाही. उपग्रहाच्या चित्रांचेही तसेच आहे. जून-जुलैत अरबी समुद्रावर धुळीचा दाट पट्टा दिसतो, पण ती धूळ बहुतांशी वरच्या थरातून वाहते आणि खाली मुंबईत पावसाने धुतलेली, वर्षातली सर्वांत चांगली हवा असते.

मग तुमच्या दीडशेची फोड मी कशी करीन? दुपारी तीन-चारला, वारा चांगला वाहत असताना, जो तळाचा आकडा दिसतो तो धरायचा. तुमच्याकडे तो साठ आहे. दूरच्या वाट्याची ही वरची मर्यादा झाली, कारण त्या साठातही परत आलेल्या मुंबईच्या हवेचा भाग आणि दुपारच्या रहदारीचा भाग आहेच. साठच्या वरचे जे काही, ते जवळचे आणि सकाळच्या आर्द्रतेने फुगवलेले. ही फोड ढोबळ आहे, सगळ्या दिवसांना लागू नाही आणि धुळीच्या वादळाच्या दिवशी तर मुळीच नाही. पण एरवीच्या हिवाळी दिवसासाठी ती मला वर्षानुवर्षे उपयोगी पडली आहे.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे स्थानिक उपायांनी काय साधणार याचे उत्तर निघते. चोवीस तासांचे मानकच साठ आहे. त्यातला मोठा हिस्सा दूरच्या कणांनीच भरत असेल, तर आपल्या वाट्याच्या धुराला जागाच उरत नाही, म्हणून तो अधिक काटेकोरपणे कमी करायला हवा. दूरचा वाटा कमी करणे वर्सोव्याच्या किंवा मुंबई महापालिकेच्या हातात नाही. त्यासाठी राज्याराज्यांनी मिळून कोळशाच्या धुराड्यांवर काम करावे लागेल, आणि तेही झालेच पाहिजे. पण सकाळचा उंचवटा मात्र इथलाच आहे. पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांना उंच पत्रे, ओले कापड आणि पाण्याची फवारणी सक्तीची केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. यातले पत्रे आणि पाणी प्रामुख्याने जाड धुळीवर काम करतात, पीएम २.५ वर त्यांचा परिणाम मर्यादित असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. भट्ट्या, उघड्यावर जळणारा कचरा आणि जुनी डिझेल वाहने यांवरची कारवाई थेट बारीक कणांना लागते. माझ्या हातात असते तर मी रात्री दहा ते सकाळी आठ या वेळेत जळणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून सुरुवात केली असती, कारण खाली उतरलेल्या छताखाली सोडलेला एक किलो धूर दुपारच्या कित्येक किलोंइतका दाट होतो.

आता वडिलांविषयी. पहाटेची हवा शुद्ध असते, ही समजूत त्यांच्या पिढीत खोल रुजलेली आहे आणि खेड्यात मोकळ्या माळावर ती बऱ्याच अंशी खरीही असेल. मुंबईत डिसेंबर ते फेब्रुवारीत पहाटे सहा ते नऊ हीच किनाऱ्यावरची सर्वांत वाईट वेळ आहे. त्यांना दुपारी साडेतीन ते सूर्यास्त या वेळेत फिरायला सांगा. तेव्हा खारा वारा वाहत असतो आणि थर उंच असतो. घराच्या खिडक्या सकाळी अकरापर्यंत शक्यतो बंद ठेवून दुपारी उघडा. दुपारच्या सुमारास आकडा पुन्हा चढलेला दिसला तर तासभर थांबा. आकाश पिवळसर किंवा दुधाळ दिसेल आणि पीएम १० पीएम २.५ च्या तिप्पट-चौपट होईल, तो धुळीचा दिवस. त्या दिवशी बाहेर जाणेच टाळावे, जावे लागले तर नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा (कापडी मास्क बारीक कण फारसे अडवत नाही), आणि घरात झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. इनहेलरच्या मात्रेबद्दल मी काही सांगणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. पण जाताना तुमच्या यंत्राचा महिन्याचा तक्ता आणि त्यांना धाप लागलेल्या दिवसांची नोंद सोबत न्या.

तुमचे यंत्र स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून आणि उदबत्तीच्या जागेपासून दूर आहे ना, तेवढे पाहा. मग तीन दिवसांचे तासातासाचे आकडे, जवळच्या केंद्राचे पीएम १० आणि वाऱ्याची दिशा असे एकत्र टाकलेत, तर मी त्याच तक्त्यावर फोड करून दाखवीन. वडिलांच्या फिरण्याची वेळ मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका. ती उद्यापासूनच बदला.